हळदीचा धवला

व्हिडिओ कॉलवर चार देशांतले अभ्यासक माना डोलवत होते आणि दर्शनाची आई गात होती. आगरी लग्नातला हळदीचा धवला! आईच्या निधनानंतर दर्शना तो आवाज आज प्रथमच ऐकत होती.

ऐन रंगात जर्मन प्राध्यापकाने रेकॉर्डिंग थांबवलं. "मॅडम, पुढचे शब्द आम्हाला कळत नाहीत. तुम्ही सांगाल?"

"सांगते की! पण मला हे सगळं रेकॉर्डिंग पाठवा. मीही कॉलेजात लोकगीतंच शिकवते. तुमच्या साइटवर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' एवढंच दिसतं."

"काय करणार? परवाना फक्त युरोपातल्या विद्यापीठांपुरता आहे," तो गोड हसून म्हणाला.

दर्शनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई असताना हाच माणूस त्यांच्या पडवीत बसून तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण चाटूनपुसून खात होता. घसा बसेपर्यंत त्याने आईला गायला लावलं होतं. पाहुण्यापाशी आईनेही हातचं काही राखलं नव्हतं. निघताना "एक प्रत नक्की पाठवतो" म्हणाला होता मेला!

"मग, पुढची ओळ?" त्याने पेन सरसावलं.

दर्शना गाऊ लागली. तीच चाल, तोच आईचा ठसका. सगळे कान देऊन पुढे झुकले. रेकॉर्डिंग जिथे थांबलं होतं, नेमकी तिथेच तीही थांबली.

"पुढचं तुमच्या देशात उपलब्ध नाही," ती म्हणाली आणि तिने कॉल बंद केला.