तिले विचार

"तिले विचार, निळा दिवा लुकलुकते, तं आता काय करू," शालिकराम गुरुजी बायकोला म्हणाले.

फोन कलाबाईच्या हातात होता आणि त्याचा स्पीकर सुरू होता. तिकडे देवरीला बसलेल्या रचनाला बापाचा शब्द न् शब्द ऐकू जात होता. तरी कलाबाईने तो इमानेइतबारे पोचवला. "तुहे बाबा म्हणते, प्रिंटरचा निळा दिवा लुकलुकते."

"आयकलं माय. कॉम्प्युटरवर काय दिसून राहिलं?"

"ऑफलाइन," गुरुजी भिंतीकडे बघत म्हणाले.

"ऑफलाइन," कलाबाईने फोनला सांगितलं.

उन्हाळ्यात रचनाने लोकेंद्रशी कोर्टात लग्न केलं आणि घरी दुसऱ्या दिवशी कळवलं. मुलगा दुसऱ्या जातीचा, पोवारांचा, याचं गुरुजींना वाईट वाटलं, पण तेवढं गिळता आलं असतं. जन्मभर शाळेतल्या पोरींना 'मनातलं घरी बोलत जा' म्हणून सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरीने विचारलं नाही, हे मात्र घशाखाली उतरेना. तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

आजही ते बोलणार नव्हतेच. पण संध्याकाळी विहारात पौर्णिमेची वंदना होती. नव्याने येऊ लागलेल्या लेकरांसाठी गुरुजींनी ती मोठ्या अक्षरात टाइप केली होती, आणि सकाळपासून कितीदाही बटण दाबलं तरी प्रिंटर ढिम्म. गोंदियात काही प्रिंटर दुरुस्त करणाऱ्यांचा दुष्काळ पडला नव्हता. दुकानवाल्याला लावायचा फोन कलाबाईने सरळ लेकीला लावला, एवढंच.

"राऊटर बंद करून पुन्हा सुरू केला?" रचनाने विचारलं.

"केला म्हण."

"केला म्हणते."

"मंग माय, स्क्रीनवर खाली उजवीकडे वायफायचं नाव दिसते. काय लिहून हाये तिथं?"

कलाबाई चष्मा शोधू लागली. चष्मा डोळ्यांवरच होता. गुरुजी माउसच्या वायरचा गुंता सोडवत बसले.

घरात नेट आलं तेव्हा रचना कॉलेजात होती. वायफायला तिने हौसेने आपलंच नाव देऊन टाकलं होतं. लग्नाची बातमी आली त्याच आठवड्यात गुरुजींनी स्वतः बसून ते नाव पुसलं. मग फोनला, कॉम्प्युटरला, सगळ्यांना नवं नाव दाखवून झालं. कोपऱ्यातल्या प्रिंटरला सांगायचं तेवढं राहून गेलं. तो बिचारा अजून रचनालाच शोधत होता.

"तुह्या बाबाचं नाव हाये," शेवटी कलाबाई म्हणाली. "शालिकराम."

फोनमधून देवरीच्या हायवेवरच्या एका बसचा हॉर्न ऐकू आला.

"असू दे माय," रचना म्हणाली. "प्रिंटरले जुनंच नाव ठाऊक हाये, म्हणून तो जोडल्या जाऊन नाही राहिला. बाबाले म्हण, नाव बदलायची काही गरज नाही. प्रिंटरवरचं वायफायचं बटन दाबून धरा, मंग राऊटरच्या मागचं दाबा. नवीन नावावर जोडल्या जाते तो. जुनं विसरून जाते."

किती अलगद सांगितलं पोरीने! कलाबाईला लेकीची माया आली आणि नवऱ्याचा असा राग आला की फोन त्याच्याच डोक्यात घालावा.

"आयकलं ना?" ती गुरुजींवर खेकसली. "जा, दाबा बटन."

गुरुजी उठले. प्रिंटरपाशी गेले. बटणावर बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले. मग बोट उचलून ते परत खुर्चीत येऊन बसले, राऊटरच्या सेटिंगचं पान उघडलं आणि एकेक अक्षर शोधून टाइप करू लागले.

"दाबलं काय माय?" रचनाने विचारलं.

"नाही दाबलं." कलाबाई वाकून स्क्रीन बघत होती. "तुहं नाव लिहून राहिले."

गुरुजींनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. हे काही तिला पोचवायला सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यातला निळा दिवा लुकलुकायचा थांबला. प्रिंटर जरा कण्हला, मग त्याने कागद आत ओढला. सकाळपासून गुरुजींनी रागारागाने जितक्या वेळा बटण दाबलं होतं, ते सगळं त्याने आता एकदम मनावर घेतलं. वंदनेमागून वंदना बाहेर पडू लागली. ट्रे भरला आणि पानं खाली फरशीवर घसरायला लागली.

कलाबाई हरखून फोनमध्ये ओरडणार, तोच गुरुजींनी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"रचना."

"हव, बाबा."

"नाही चालून राहिला तो." मागे प्रिंटर एवढा खडखडत होता की गुरुजींना आवाज चढवावा लागला.

"नाही काय?"

"नाही. असं फोनवर नाही जमत. तू घरी येऊन पाह्य." फोन कानाशी धरूनच ते खाली बसले आणि फरशीवरची पानं गोळा करू लागले. "लोकेंद्रले समजते काय यातलं?"

"समजते थोडंफार."

"मंग त्यालेही घेऊन ये."