भाज्यांचा पास्ता

बायकोने दुसरा संसार थाटल्यापासून लेक महिन्यातून एकदाच त्याच्याकडे राहायला यायची. तिने मांसाहार सोडल्याचं कळलं, तेव्हा बसचालक असलेल्या त्या बापाने डेपोच्या कॅन्टीनवालीकडून भाज्या घालून भाजलेला पास्ता शिकून घेतला. "त्यात काय, सोप्पं असतं हो," ती म्हणाली होती. पण पहिल्यांदा पास्त्याचा पार लगदा झाला आणि दुसऱ्यांदा वरच्या चीजचा कोळसा.

आज मात्र जमलं होतं. ओव्हन उघडताच टोमॅटोचा खमंग वास दोन खोल्यांच्या त्या घरभर पसरला. लेकीने फुंकर मारत पहिला घास घेतला. हातातला फडका पिळत तो तिच्या तोंडाकडे बघत उभाच राहिला.

"खाण्यासारखा झालाय का गं?" त्याने न राहवून विचारलं.

लेकीने आणखी एक मोठा घास घेतला. तिचा चेहरा खुलला.



"अगदी बाबांच्या हातच्यासारखा झालाय!" ती भरल्या तोंडाने बोलून गेली, आणि समोर उभ्या असलेल्या आपल्या सख्ख्या बापाकडे बघत तिने जीभ चावली.