शेवटच्या थांब्याच्या वर

बाबांनी आयुष्यभर घाटात बस चालवली, पण माथ्याखालच्या शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायची आणि परत फिरायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. शिखर कायम डोक्यावर राहिलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि मला म्हणाले, "चल, आता वर जाऊन येऊ." घाटात मला धाप लागली. मागून आलेल्या बसच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली. "काका, सायकली टपावर टाका की!" बाबा हसले. "जन्मभर बसूनच आलो रे. आज पायांना येऊ दे." शेवटच्या थांब्यावर आम्ही सायकली झाडाला बांधल्या आणि पायवाट धरली. शिखराखालच्या अरुंद कड्यावर वारा सुटला आणि माझे पायच उचलेनात. "बाबा, मला नाही जमायचं. तुम्ही जा." ते माझ्यापाशी परत आले. "भीती मलाही वाटायची, रोज. गाडीत माणसं असायची ना. माझ्या पाठीकडे बघ आणि चल." मी निघाले. माथ्यावर पोचल्यावर मी चारी दिशा बघत राहिले; बाबा मात्र खालीच बघत होते. सगळा घाट त्यांच्यासमोर उलगडला होता. "हा एवढा अवघड होता होय!" ते पुटपुटले. तेवढ्यात दूर खाली मुंगीएवढी बस सगळ्यात वाईट वळणाशी आली, आणि बाबांचा उजवा पाय नकळत खडकावर घट्ट दाबला गेला.