अकरा नावांचा दगड

"खालचे चार फूट कोरे सोडायचे," टेपसाहेब म्हणाले आणि दगडावर आडवा हात ठेवून त्यांनी दाखवलं. "इथून खाली काहीही नको."

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. खिशात टेप नाही असं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मिश्यासुद्धा टेप लावूनच कापत असणार, असं गाव म्हणायचं. माणूस मात्र सरळ, नाकासमोर चालणारा. चौकात उभ्या करायच्या दगडाची पाहणी करायला ते आज दगड कोरणाऱ्या छिन्नीबाईंच्या कारखान्यात आले होते.

काळा दगड दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा पडला होता. परक्या मुलखातल्या लढाईत गेलेल्या गावच्या अकरा पोरांची नावं छिन्नीबाईंनी वरच्या बाजूला बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहून ठेवली होती. मंजुरी मिळाली की कोरायला घ्यायची.

तीन महिन्यांत परत येतो म्हणून फौज तिकडे गेली, त्याला आता चौदा वर्षं झाली होती. लढाई जिंकून झाली, तिथलं सरकार बदलून झालं, पण बसलेलं ठाणं काही हलायचं नाव घेईना. छिन्नीबाईंचा मुलगा तिथेच होता. साहेबांचा भाचाही तिथेच. बहीण गेल्यावर साहेबांनीच त्याला वाढवला होता. दर शनिवारी छिन्नीबाई आणि आणखी शे-दीडशे माणसं 'पोरांना परत आणा' असे फलक घेऊन चौकात उभी राहत. साहेब तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरून मान खाली घालून जात.

"एवढी जागा कशाला, साहेब?"

"आणखी चाळीस नावं मावली पाहिजेत. वरून लेखी आलंय."

"चाळीस! हा आकडा कुणी काढला?"

"सरासरी असते, बाई. काढणारे काढतात."

एरवी छिन्नीबाईंच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती. आज त्यांनी आवाज अगदी मऊ केला. खरं तर साहेबांनी तिथेच सावध व्हायचं.

"आणि नावं अक्षरांच्या क्रमानेच ना?"

"अर्थात! स्मारकाच्या नियमांतलं कलम चार. निदान इथे तरी कुणाचा मानपान नको."

"मग उद्या 'अ'चं पोर गेलं, तर त्याला तळाशी टाकू?"

साहेब चरकले. क्रम मोडायचा म्हटलं की त्यांना ताप भरायचा. "खरंच की हो," ते म्हणाले. "मग असं करा, मधे मधे जागा सोडा."

"सोडते की. पण नेमकी कुठे? तिकडे आत्ता कोण कोण आहे त्याची यादी द्या. ज्याचं नाव जिथे येईल, तिथे एक ओळ मोकळी."

साहेबांचा चेहरा खुलला. अडचण नेमकेपणाने सुटली की त्यांना बरं वाटायचं. पोरांना थंडीत पालिकेकडून लोकरीचे मोजे जात, त्याची यादी त्यांच्या बॅगेतच होती. भल्या माणसाने ती काढलीसुद्धा.

छिन्नीबाईंनी लाल पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "दगडावर खुणा तुम्हीच करा, साहेब. तुमचा हात नेमका."

पहिली रेघ बेकरीवाल्याच्या धाकट्याची. मग शाळेतल्या बाईंची जुळी. "दोघांना दोन ओळी लागतील," साहेब पुटपुटले. आणखी दोन रेघा झाल्या. सहावं नाव वाचून त्यांनी वर पाहिलं.

"लावा की," छिन्नीबाई म्हणाल्या. "माझा म्हणून सोडू नका. परवाच त्याचं पत्र आलंय. लिहितो, आई, आम्ही रस्त्यात दिसलो की इथल्या आया पोरांना ओढून घरात घेतात आणि दार लावतात. आम्ही इथे कुणालाच नको आहोत. लावा रेघ."

साहेबांनी रेघ मारली. ती वाकडी आली.

त्यांनी पान उलटलं. बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. का थांबलं, हे छिन्नीबाईंना ठाऊक होतं. दगडावर दोन नावांच्या मधे बोटभर जागा होती आणि पेन्सिल तिच्यावर अधांतरी राहिली.

"समोरच्या या रस्त्यावर मी त्याला सायकल शिकवली," साहेब म्हणाले. "माझ्याच्याने नाही होणार, बाई."

छिन्नीबाईंना त्यांची फार दया आली. पण पेन्सिल त्यांनी परत मागितली नाही.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. बादलीतलं ओलं फडकं स्वतःच पिळलं आणि एकेक लाल रेघ पुसली. सगळ्यात आधी ती वाकडी. मग नाक शिंकरून ते खात्यातल्या आवाजात म्हणाले, "ही अक्षरं फार बारीक आहेत. आकाराबद्दल कलमात काही म्हटलेलं नाही."

"किती मोठी घेऊ?"

टेप खिशातून बाहेर आली. "दगड साडेपाच फूट. नावं अकरा. ओळीला सहा इंच. काठोकाठ भरतो."

"भरते काठोकाठ."

"आणि शनिवारी चौकात किती वाजता जमता?"

"पाचला."

"पाच म्हणजे पाचच ना?"

"तुम्ही आलात की पाचच होतील, साहेब."

साहेबांनी स्टूल ओढलं, मंजुरीचा कागद गुडघ्यावर घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. सवयीप्रमाणे सही करण्याआधी मोठ्याने वाचून पाहिलं :

"पाहणी केली. दगडावर जागा शिल्लक नाही. यापुढे नावे पाठवू नयेत."