पांढऱ्यात नीळ

"पट्टी हळू काढ गं, रंग ओला असेल," रंगारी म्हणाला.

डॉक्टर मुलगी हसली नाही. एरवी बापाच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी तीच हसायची. आज तिचं सगळं लक्ष समोरच्या भिंतीकडे होतं. काल तिने बापाच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवलं होतं, आणि त्या डोळ्याला आज पहिल्यांदा दिसणार होती ती नेमकी हीच भिंत.

गेल्या वर्षी दवाखाना थाटताना त्याने बजावलं होतं, "डब्यातला तयार रंग नको. पांढरा मी मिसळणार." पांढऱ्याचा पिवळेपणा मारायला त्यात चिमूटभर नीळ घालतात. त्याने घातली. पिवळेपणा काही हटेना, म्हणून आणखी घातली. मग आणखी. भिंती चांगल्या निळ्याशार झाल्या आणि हा मागे सरून म्हणाला, "याला म्हणतात पांढरा!" पिवळेपणा रंगात नव्हता, त्याच्या डोळ्यांत होता. पण त्याला सांगणार कोण? उभ्या आयुष्यात त्याच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मुलीने नर्सपासून आईपर्यंत सगळ्यांना तंबी दिली होती, भिंत पांढरी आहे. आणि मग वर्षभर बापाच्या मागे लागून त्याला कसंबसं ऑपरेशनला तयार केलं होतं.

"माझ्या मधुमेहाच्या त्या साखरेने डोळ्याला नक्की केलं तरी काय?" त्याने विचारलं.

"रक्तातली जास्तीची साखर भिंगात शिरते, बाबा. तिथे तिची दुसरीच साखर होते, आणि तिला काही बाहेर पडता येत नाही. मग ती बसल्या जागी पाणी ओढत राहते. भिंग फुगतं, गढूळ होतं, पिवळं पडतं."

"म्हणजे तुझी आत्याच की! एकदा आली की उठायचं नाव नाही, वर बसल्या बसल्या पाणी आण, पाणी आण."

पट्टी निघाली. त्याने डोळे मिचकावले, पाणी टिपलं आणि समोर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तळहाताने उजवा डोळा झाकला. मग डावा झाकला. परत उजवा.

"ही भिंत कुणी रंगवली?"

"तुम्ही."

तो उठला, भिंतीजवळ गेला, तिच्यावरून हात फिरवला. मुलीचा जीव टांगणीला लागला होता.

"वर्षभर या निळ्यात बसलीस तू?"

"मला आवडतो हा रंग."

"खोटं बोलू नकोस. आता दिसतं मला."

तिला वाईट वाटलं, स्वतःचा रागही आला. निदान खुर्ची तरी दुसरीकडे फिरवायची होती.

"उद्याच बदलून टाकू, बाबा. नवा पांढरा तुम्हीच मिसळा."

तो दार ढकलून बाहेरच्या खोलीत गेला. तिथेही तोच रंग. बाकावर एक बाई पर्स छातीशी घट्ट धरून बसली होती. आज तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि दारातल्या पायपुसण्याकडे ती पळून जायच्या बेतात असल्यासारखी बघत होती. रंगारी तिच्या शेजारी बसला.

"मावशी, ही भिंत कसल्या रंगाची आहे हो?"

बाईने डोळे बारीक केले, मान पुढे काढली. "पांढरीच की. का बरं?"

रंगारी तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं आणि छाती शर्टाच्या गुंड्या ताणू लागली.

"कालपर्यंत मलाही पांढरीच दिसत होती. बिनधास्त जा आत. उद्या पट्टी सुटली की निळी दिसेल, ही माझी हमी. अहो, आत माझी लेक आहे."

लेक दारात उभी होती, डोळे पुसत. त्याने वळून तिच्याकडे बोट रोखलं.

"आणि डॉक्टरीणबाई, खबरदार या भिंतीला कुणी ब्रश लावला तर!"