सगळ्यांत खालची खुंटी

बराकीच्या भिंतीवर सुतार बाप तिसऱ्यांदा खुंट्या ठोकत होता. पलटण होती तेव्हा उंच, शाळा आली तेव्हा खाली, आता वृद्धाश्रमासाठी मधोमध. “भिंतीची पार चाळण झाली,” तो धापा टाकत म्हणाला. “भिंतीचं राहू द्या, स्वतःकडे बघा. चला घरी,” लेक वैतागली. “उरलेल्या उद्या ठोकतो,” म्हणत त्यानं हत्यारांची पिशवी तिथेच ठेवली. पहाटे झोपेतच तो गेला. आठवड्यानं लेक पिशवी न्यायला आली. शाळेच्या साऱ्या खुंट्या त्यानं उपटल्या होत्या. एकच, सगळ्यांत खालची, तशीच होती. ती पहिलीत असताना खास तिच्यासाठी ठोकलेली. “बुटके, पोहोचतो का हात?” त्यानं तेव्हा भर वर्गात विचारलं होतं. पोरी फिदीफिदी हसल्या. तिचं उत्तर राहूनच गेलं. आता तिनं वाकून पिशवी त्या खुंटीला अडकवली. “पोहोचतो, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली.