मांडवाच्या आधी

भोरच्या वाजिदनं डीजेचा नवा कंट्रोलर घेतला आणि अख्ख्या एसटी डेपोला नेऊन दाखवला. लॅपटॉपला जोडायचा, दोन तबकड्या फिरवायच्या, गाण्यात गाणं मिसळायचं. पुढचं गाणं आधी त्याला एकट्याला हेडफोनमध्ये ऐकू यायचं, मग मांडवाला.

पासली गावातल्या एका हळदीला, भर दुपारी, त्यानं हेडफोन कानाला लावला, तर आत गाणं नव्हतंच. कुणीतरी ओरडलं, "आरं, मामाचा फेटा गेला." पाठोपाठ हशा पिकला.

त्यानं वर पाहिलं. नवरदेवाचे मामा फेट्यासकट झोकात नाचत होते. तेवढ्यात फेटा सुटला आणि थेट हळदीच्या परातीत पडला. तीच ओरड, तोच हशा.

वाजिदलाही हसू आवरेना. मशीन लई भारी निघालं होतं.

पुन्हा हेडफोन लावला. आत नवरदेवाच्या आत्या म्हणाल्या, "वाजिदभाई, च्या घ्या. आलं घातलंय."

तो हात पुढं करूनच उभा राहिला. आत्या कप घेऊन आल्या, तेच बोलल्या आणि त्याचा हात बघून म्हणाल्या, "तुमाला वास बरा लागला."

मांडव आता रंगात आला होता. पुढं काय गंमत होतेय म्हणून वाजिदनं एका हातात कप धरून दुसऱ्या हातानं हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट बसवला.

आत गाणं थांबलेलं होतं. मामा हाका मारत होते, "वाजिदभाई? ओ वाजिदभाई?"

मग आत्यांचा आवाज आला, अगदी जवळून. "आत्ता तर हितंच व्हते. ह्यो बघा कप, च्या बी गरम हाय अजून."

वाजिदनं खाली पाहिलं. हातातल्या कपातून वाफ येत होती.